आयपीटीजी घातल्यावर पिवळा रंग वाढला, मग ते अ‍ॅलोस्टेरिक का नाही?

प्रश्न थोडक्यात असा होता: एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ई. कोलाय या बॅक्टेरियाच्या कल्चरमध्ये आयपीटीजी (लॅक्टोजसारखा दिसणारा, पण न तुटणारा रेणू) घातलं, दर काही मिनिटांनी सॅम्पल काढून ओएनपीजी टाकलं, पिवळा रंग वाढत गेला, आणि वहीत लिहिलं "एन्झाइम अ‍ॅक्टिव्हिटी वाढली". मग याला अ‍ॅलोस्टेरिक रेग्युलेशन (छोटा रेणू चिकटून तयार प्रोटीनचा आकार आणि काम बदलणं) का म्हणायचं नाही, जीन रेग्युलेशनच (जीन चालू-बंद करून एन्झाइम किती बनवायचं ते ठरवणं) का म्हणायचं? आणि एन्झाइमला जागच्या जागी चालू-बंद करता येत असेल तर पेशी जीनपर्यंत जायचा उद्योग कशाला करते, एकच कंट्रोल पुरला नसता का?

पहिला भाग ऐकून हसू नका कुणी, हाच घोळ १९५० च्या आसपास पॅरिसमध्ये जाक मोनोच्या लॅबमध्येसुद्धा चालू होता. तेव्हा या प्रकाराला "एन्झाइमॅटिक अ‍ॅडॅप्टेशन" म्हणायचे, आणि बऱ्याच लोकांचा समज असा होता की पेशीत काहीतरी कच्चा माल तयारच असतो, साखर आली की तिच्याभोवती त्याला आकार येतो आणि एन्झाइम कामाला लागतं. म्हणजे तुमच्या मनात जे आलं जवळपास तेच.

आधी रंगाचं बघू. ओएनपीजी बिनरंगाचं, बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे लॅक्टोज तोडणारं एन्झाइम, त्याला तोडतं, ऑर्थो-नायट्रोफिनॉल सुटतं, ते पिवळं, आपण ते ४२० नॅनोमीटरला मोजतो. शेवटी सोडियम कार्बोनेट घातलं की पीएच ११ च्या आसपास जातो, एन्झाइम थांबतं आणि पिवळा आणखी खुलतो. गोची अशी आहे की तो रंग दोन गोष्टींचा गुणाकार असतो: नळीत एन्झाइमचे रेणू किती, आणि एकेक रेणू सेकंदाला किती ओएनपीजी तोडतोय. रेणू दहापट झाले तरी रंग दहापट, रेणू तेवढेच राहून वेग दहापट झाला तरी रंग दहापट. स्पेक्ट्रोफोटोमीटरला यातलं काही कळत नाही, तो फक्त पिवळेपणा सांगतो.

पण तुमच्याच प्रॅक्टिकलमध्ये एक क्लू होता जो सगळे सोडून देतात. कल्चरचं सॅम्पल तुम्ही झेड बफरमध्ये टाकलं, क्लोरोफॉर्म आणि एसडीएसचे थेंब टाकून पेशींना भोकं पाडली, म्हणजे पेशीतलं आयपीटीजी आता आख्ख्या नळीभर पसरलं, दहापट तरी डायल्यूट झालं. आयपीटीजी एन्झाइमला चिकटून त्याचा वेग वाढवत असतं तर इथं तो परिणाम उतरायला हवा होता, उतरला का? नाही. शुद्ध बीटा-गॅलॅक्टोसिडेज विकत मिळतं, त्याच्यात थेट आयपीटीजी टाकून बघा, वेग वाढत नाहीच, उलट अ‍ॅक्टिव्ह साइटवर थोडी अडवणूकच होते. आणि ब्लू-व्हाइट स्क्रीनिंगच्या प्लेटवर एक्स-गॅल (तुटलं की निळा रंग देणारा रेणू) आणि आयपीटीजी दोन्ही वेगवेगळे का घालावे लागतात? कारण एक्स-गॅल तुटतं पण जीन चालू करत नाही, आयपीटीजी जीन चालू करतं पण स्वतः तुटत नाही. ज्याला एन्झाइम तोडतं तो रेणू वेगळा आणि ज्याच्यामुळं एन्झाइम बनतं तो वेगळा असू शकतो, म्हणजे आयपीटीजीचा निरोप घेणारं प्रोटीन एन्झाइम सोडून दुसरंच कुणीतरी असणार.

पक्का पुरावा १९५५ चा, होगनेस, कोन आणि मोनो यांचा. त्यांनी बॅक्टेरिया रेडिओअ‍ॅक्टिव्ह सल्फर देऊन वाढवले, म्हणजे पेशीतली होती नव्हती ती सगळी प्रोटीन्स आधीच "खुणेची" झाली, मग पेशी साध्या सल्फरवर आणल्या आणि तेव्हा इंड्यूसर (एन्झाइम बनायला लावणारा, आयपीटीजीसारखा रेणू) दिला. आता एन्झाइम जुन्या मालातून घडलं असतं तर त्याच्यात खूण सापडली असती. जवळपास काहीच सापडली नाही. एन्झाइम सुरुवातीपासून नव्यानं, अमिनो आम्लं जोडून बनत होतं. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर तिथंच संपलं होतं. ते आयपीटीजी जाऊन चिकटतं कुठं हे पुढं १९६१ ला जाकोब आणि मोनोनं रिप्रेसरची (डीएनएवर बसून जीन बंद ठेवणाऱ्या प्रोटीनची) कल्पना मांडून सांगितलं, आणि १९६६ मध्ये गिल्बर्ट आणि म्यूलर-हिलनी तो लॅक रिप्रेसर (लॅक म्हणजे लॅक्टोज वापरायला लागणाऱ्या जीनचा गट) प्रत्यक्ष वेगळा काढला.

आता गंमत बघा, लॅक रिप्रेसर स्वतःच अ‍ॅलोस्टेरिक प्रोटीन आहे. आयपीटीजी त्याच्या एका भागाला बसतं, आणि आकार बदलून त्याचा दुसराच भाग डीएनए सोडतो. म्हणजे तुम्ही "अ‍ॅलोस्टेरिक" म्हणालात ते अगदीच हवेत नव्हतं, फक्त चुकीच्या प्रोटीनवर बोट ठेवलं. पुस्तकात एन्झाइम रेग्युलेशन आणि जीन रेग्युलेशन असे दोन धडे असतात म्हणून आपल्याला वाटतं की या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. दोन्हीकडं कामाची पद्धत एकच, छोटा रेणू येतो, प्रोटीनला चिकटतो, प्रोटीन आकार बदलतं. फरक पडतो तो त्या प्रोटीनचं काम काय आहे याच्यानं, आणि त्यातून पुढं वेळ आणि खर्च किती लागतो याच्यानं. माझं सगळं म्हणणं या वेळ आणि खर्चाबद्दलच आहे.

बीटा-गॅलॅक्टोसिडेजचाच हिशोब करू. एका साखळीत १०२४ अमिनो आम्लं, म्हणजे जीन ३०७२ बेसचा. ई. कोलायचा आरएनए पॉलिमरेज (जीनची आरएनए प्रत लिहिणारं एन्झाइम) ३७ अंशाला सेकंदाला ४०-५० बेस लिहितो, म्हणजे नुसतं लिहायलाच सत्तर सेकंदांच्या आसपास, ती प्रत वाचून प्रोटीन बनवणारा रायबोसोम त्याच्या मागोमाग चालतच असतो, मग साखळी घडी होणार, चार साखळ्या एकत्र येऊन टेट्रामर होणार, तेव्हा कुठं एक कामाचं एन्झाइम. म्हणून आयपीटीजी घातल्यावर पहिली दोनेक मिनिटं तुमच्या ग्राफमध्ये काहीच दिसत नाही, ती सपाट रेघ म्हणजे पिपेटिंगची चूक नव्हे. खर्च बघायचा तर एक पेप्टाइड बाँड जोडायला साधारण चार हाय-एनर्जी फॉस्फेट, म्हणजे एका साखळीला चार हजार, एका टेट्रामरला सोळा हजार, अमिनो आम्लं बनवायचा खर्च वेगळाच. आणि इंडक्शन पूर्ण झालं की एका पेशीत असे रेणू हजारोंनी असतात.

याच्या उलट, एखादा रेणू एन्झाइमला चिकटून ते बंद पडायला मिलिसेकंद लागतात, खर्च शून्य, आणि रेणू निघून गेला की एन्झाइम परत सुरू. घरातल्या गॅसची ज्योत बारीक करणं आणि सिलिंडरचं बुकिंग थांबवणं यात जेवढा फरक, तेवढा. ज्योत लगेच बारीक होते पण सिलिंडर येतच राहतात, आणि नुसतं बुकिंग थांबवलं तर घरात असलेला सिलिंडर संपेपर्यंत शेगडी जळत राहते. "एकच कंट्रोल पुरला नसता का" याचं उत्तर त्यातच आहे, पण ते खऱ्या आकड्यांनिशी बघायचं असेल तर लॅक सोडून ट्रिप्टोफॅनकडं यायला लागतं, कारण तिथं एकाच मार्गावर सगळे कंट्रोल एका जागी बघायला मिळतात.

ट्रिप्टोफॅन हे वीस अमिनो आम्लांतलं बनवायला सर्वात महाग. प्रोटीनमध्ये लागतं मात्र अगदी थोडं, शंभरात एखादं. ई. कोलाय कोरिस्मेट नावाच्या रेणूपासून ते बनवते, त्यासाठी पाच जीन एका ओळीत, ट्रिप-ई, डी, सी, बी, ए. आता समजा मिनिमल मीडियममध्ये (ज्यात तयार अमिनो आम्लं नसतात) पेशी मजेत वाढतायत, स्वतःचं ट्रिप्टोफॅन स्वतः बनवतायत, आणि तुम्ही बाहेरून ट्रिप्टोफॅन ओतलं.

पेशीकडं फक्त जीनचा कंट्रोल असता तर काय झालं असतं? जीन बंद झाले, एमआरएनए (जीनची लिहिलेली प्रत) काही मिनिटांत मोडून गेला, नवीन एन्झाइम बनणं थांबलं. इथपर्यंत ठीक. पण आधी बनलेली एन्झाइम्स कुठं जातात? बॅक्टेरियात बहुतेक एन्झाइम्स मोडली जात नाहीत, पेशी दुभंगते तेव्हा ती पोरींमध्ये वाटली जातात, बस. मिनिमल मीडियममध्ये पिढी पन्नास मिनिटांची धरली तर अडीच तासांनी तीन पिढ्या होतात आणि तेव्हासुद्धा आठवा हिस्सा एन्झाइम शिल्लक. एवढा वेळ ती बया बाहेर फुकट मिळणारा सर्वात महागडा पदार्थ घरात बनवत बसली असती, शेजारची हुशार पेशी तोवर पुढं निघून गेली असती.

म्हणून पहिला कंट्रोल एन्झाइमवरच आहे. मार्गातलं पहिलं एन्झाइम अँथ्रानिलेट सिंथेज, त्याच्या ट्रिप-ई भागावर ट्रिप्टोफॅन येऊन बसतं, अ‍ॅक्टिव्ह साइटवर नाही, दुसऱ्या खाचेत, आणि एन्झाइम थंड. पहिलंच का थांबवायचं? कारण मधलं थांबवलं तर अर्धवट माल साचतो आणि कोरिस्मेट वाया जातं, कोरिस्मेटपासून फिनाइलअ‍ॅलनिन आणि टायरोसिनही बनवायचं असतं. या फीडबॅक इनहिबिशनचे पहिले स्पष्ट पुरावे १९५६ चे, अंबार्गरनं आयसोल्यूसिन आपल्याच मार्गातल्या थ्रिओनिन डीअ‍ॅमिनेजला थांबवतं हे दाखवलं, आणि येट्स आणि पार्डी यांनी पिरिमिडिनच्या मार्गात तसंच काहीसं दाखवलं.

आता उलटं धरा, फक्त फीडबॅक असता आणि जीन कायम चालू. ट्रिप्टोफॅन जास्त बनलं नसतं, पण ही पाच प्रोटीन्स पेशी दर पिढीला बनवत राहिली असती, नुसती बसवून ठेवायला. आतड्यात राहणाऱ्या पेशीला कधी तुमच्या जेवणातलं ट्रिप्टोफॅन मिळतं कधी नाही, आणि जेवणानंतर तासन्‌तास मिळत राहिलं तर तो रायबोसोमचा वेळ दुसऱ्या कामाला वापरलेला बरा. म्हणून दुसरा कंट्रोल, ट्रिप-आर नावाचा रिप्रेसर, १०८ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन, दोन एकत्र येऊन बसतात, प्रत्येकाला एक ट्रिप्टोफॅन चिकटलं तरच ते डीएनए धरतात. यानं साधारण ७० पटीचा फरक पडतो.

आणि तिसरा कंट्रोल मला आजही सगळ्यात आवडतो, शिकवायला घेतला की पोरं पहिल्यांदा वैतागतात आणि मग एकदम गप्प होतात. स्टॅनफर्डच्या चार्ल्स यानोफस्कीनं तो उलगडला, अटेन्युएशन. ट्रिप ऑपेरॉनचा (त्या पाच जीनच्या ओळीचा) आरएनए सुरू होतो त्यातले पहिले १६२ बेस एन्झाइमसाठी नसतातच, ती लीडर. त्या लीडरमध्ये १४ अमिनो आम्लांचं एक टीचभर पेप्टाइड लिहिलेलं आहे आणि त्यात १० व्या आणि ११ व्या जागेवर लागोपाठ दोन ट्रिप्टोफॅन. शंभरात एक येणारं अमिनो आम्ल चौदात दोनदा, तेही शेजारी शेजारी, तिथंच संशय यायला हवा.

पुढं लीडरमध्ये चार पट्टे आहेत, १, २, ३, ४. यात २ ची जोडी ३ शी जमते, किंवा ३ ची ४ शी, दोन्ही एकदम नाही. ३-४ जमली तर ती हेअरपिन टर्मिनेटर होते, तिच्यामागं यू ची रांग, पॉलिमरेज डीएनएवरून सुटतो आणि पाच जीन लिहिलेच जात नाहीत. आता रायबोसोम पॉलिमरेजच्या पाठोपाठ येतोय. पेशीत ट्रिप्टोफॅन लागलेला टीआरएनए (अमिनो आम्ल रायबोसोमकडं आणणारा आरएनए) कमी असेल तर रायबोसोम त्या दोन यूजीजी कोडॉनवर (ट्रिप्टोफॅन सांगणाऱ्या तीन बेसच्या खुणांवर) ताटकळतो, ती जागा १ नंबरच्या पट्ट्यावर आहे, म्हणजे २ मोकळा राहिला, तो लगेच ३ ला पकडतो, ४ एकटा पडला, टर्मिनेटर बनलाच नाही, पॉलिमरेज सरळ पुढं. ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर रायबोसोम न अडता स्टॉप कोडॉनपर्यंत येतो आणि २ वरच बसून राहतो, मग ३ ला ४ शिवाय कोणी नाही, टर्मिनेटर तयार. कागदावर चार रंगांची पेनं घेऊन एकदा स्वतः काढा, व्हिडिओ बघून हे डोक्यात बसत नाही.

अटेन्युएशननं आणखी दहाएक पटीचा फरक पडतो, रिप्रेसर धरून एकूण सहाशे-सातशे पट. पण मुद्दा पटीचा नाही. हे तीन कंट्रोल मिळून दोन वेगळ्या गोष्टी वाचतात असं बघा: ट्रिप-ई आणि ट्रिप-आर मोकळं ट्रिप्टोफॅन किती आहे ते वाचतात, आणि अटेन्युएटर वाचतो की प्रोटीन बनवायच्या जागी ट्रिप्टोफॅन खरंच पोचतंय का. साठा आणि पुरवठा वेगवेगळे मोजले जातात. हा रायबोसोमचा खेळ आपल्या पेशीत चालणार नाही, कारण आपल्याकडं आरएनए केंद्रकात लिहिला जातो आणि रायबोसोम बाहेर. बॅसिलस सबटिलिसनं तर रायबोसोमलाही बाजूला ठेवलंय, तिथं ट्रॅप नावाचं ११ तुकड्यांचं चक्रासारखं प्रोटीन ट्रिप्टोफॅन धरून थेट आरएनएलाच वेढा घालतं. काम तेच, मार्ग वेगळा.

फर्मेंटेशनमध्ये काम करणाऱ्यांना हे पाठ असतं, कारण त्यांना नेमकं हे मोडायचं असतं. ट्रिप्टोफॅन विकायला बनवायचं तर नुसता ट्रिप-आर उडवून भागत नाही, एन्झाइम भरपूर होतं पण ट्रिप्टोफॅन थोडं साचलं की सगळंच थंड. फीडबॅक न मानणारा ट्रिप-ई म्यूटंटही लागतो. तो शोधायची जुनी युक्ती म्हणजे ५-मिथाइलट्रिप्टोफॅनच्या प्लेटवर पेशी पसरायच्या. तो नकली रेणू कंट्रोलला फसवतो, पेशीला वाटतं ट्रिप्टोफॅन आहे, ती बनवायचं थांबवते आणि उपाशी मरते, आणि ज्यांचा कंट्रोल बिघडलाय त्या वाढतात. कधी ट्रिप-आर गेलेला मिळतो, कधी ट्रिप-ई बदललेला, दोन्ही हवेत.

लॅककडं परत येते, कारण तिथं एक गोष्ट पुस्तकातली दुरुस्त करायला हवी. ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही दिलं तर ई. कोलाय आधी ग्लुकोज संपवते, मधे थोडी थांबते, मग लॅक्टोज. मोनोनं १९४० च्या आसपास हे डायऑक्सी म्हणून मांडलं. पुस्तकात कारण काय देतात? ग्लुकोजनं सीएएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) कमी होतं, ते धरून जीन चढवणारं सीआरपी प्रोटीन डीएनएवर बसत नाही, प्रमोटर (जीन लिहायला सुरुवात होते ती जागा) कमजोर. ही यंत्रणा खरी आहे, पण डायऑक्सीचं मुख्य कारण ती नाही. जपानमध्ये आयबा यांच्या गटानं १९९६ मध्ये दाखवलं की ग्लुकोजवर वाढणाऱ्या आणि लॅक्टोजवर वाढणाऱ्या पेशीत सीएएमपी आणि सीआरपी फारसं वेगळं नसतं, बाहेरून सीएएमपी दिलं तरी डायऑक्सी जात नाही, पण रिप्रेसर काढून टाकला किंवा आयपीटीजी दिलं की जाते. खरा अडसर दाराशी आहे. ग्लुकोज आत येत असताना त्याच्या ट्रान्सपोर्टमधलं एक प्रोटीन, ईआयआयए, फॉस्फेट गमावतं आणि त्या अवस्थेत ते लॅक परमिएजला (लॅक्टोज आत आणणाऱ्या प्रोटीनला) जाऊन धरतं. लॅक्टोज आतच येत नाही, मग रिप्रेसर सुटणार कसा. याला इंड्यूसर एक्सक्लूजन म्हणतात. म्हणजे जीन रेग्युलेशनचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, आणि त्याची चावी कुठं, तर एका प्रोटीनला जागच्या जागी बंद करण्यात. परीक्षेत मात्र सीएएमपीपण लिहा, पेपर तपासणारे तेच शोधतात.

बरं, रिप्रेसर पूर्ण घट्ट असता तर लॅक्टोज कधीच चाललं नसतं हेही लक्षात घ्या. लॅक्टोज आत यायला परमिएज लागतं, आणि खरा इंड्यूसर अ‍ॅलोलॅक्टोज, तो लॅक्टोजपासून बीटा-गॅलॅक्टोसिडेजच बनवतं. म्हणजे चालू व्हायला आधीच थोडं चालू असावं लागतं. ती गळती, पेशीमागं मोजके रेणू, फार महत्त्वाची. लॅबमध्ये आपण बीएल२१ या ई. कोलायच्या प्रकारात प्रोटीन एक्स्प्रेस करताना याच गळतीला शिव्या देतो आणि मीडियममध्ये १ टक्का ग्लुकोज घालून ती दाबतो. ऑटोइंडक्शन मीडियम वापरलं असेल तर त्यात ग्लुकोज, ग्लिसरॉल आणि लॅक्टोज एकत्र असतं, ग्लुकोज संपलं की पेशी आपोआप लॅक्टोजकडं वळते आणि रात्री कुणाला आयपीटीजी घालायला उठावं लागत नाही. आख्खी डायऑक्सी टायमर म्हणून वापरलीय.

आपल्या शरीरात येऊ. गल्लीत कुत्रं मागं लागलं तर स्नायूला ग्लायकोजेन आत्ता तोडायला हवं, जीन वाचून एन्झाइम बनेपर्यंत पोटरीचा लचका गेलेला असेल. मोठे जीन तर विचारूच नका, डिस्ट्रॉफिनचा जीन एकदा लिहायला सोळा तास लागतात. म्हणून ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज तयार करून ठेवलेलं असतं, अ‍ॅड्रेनलिन आलं की सीएएमपी, मग प्रोटीन कायनेज ए (कायनेज म्हणजे फॉस्फेट लावणारं एन्झाइम), मग फॉस्फोरिलेज कायनेज, आणि शेवटी फॉस्फोरिलेजच्या १४ व्या सेरिनवर एक फॉस्फेट. फिशर आणि क्रेब्स यांनी १९५५ च्या सुमारास हे शोधलं, नोबेल १९९२ मध्ये. हा प्रकार चिकटणाऱ्या रेणूपेक्षा थोडा हळू आणि थोडा टिकाऊ, फॉस्फेट काढायला वेगळं एन्झाइम लागतं.

सगळ्या पातळ्या एकाच एन्झाइमवर बघायच्या असतील तर एचएमजी-सीओए रिडक्टेज, कोलेस्टेरॉलच्या मार्गातलं. एनर्जी कमी असली की एएमपीके नावाचं कायनेज त्याच्या ८७२ व्या सेरिनवर फॉस्फेट लावून ते बंद करतं. स्टेरॉल वाढले की इन्सिग नावाचं प्रोटीन त्याला पकडतं, त्यावर युबिक्विटिन (मोडीत काढायची खूण) लागतं आणि प्रोटिअझोम ते खाऊन टाकतो, म्हणजे इथं बॅक्टेरियासारखं वाटून संपायची वाट बघायची नाही, सरळ मोडीत. आणि कोलेस्टेरॉल कमी झालं की एसआरईबीपी-२ नावाचं प्रोटीन गॉल्जीत जाऊन कापलं जातं, त्याचा तुकडा केंद्रकात जातो आणि रिडक्टेजचा जीन चढवतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचं बरंचसं आयुष्य यात गेलं, १९८५ चं नोबेल त्यांना कोलेस्टेरॉलच्या कामासाठीच.

आता घरोघरी चालू असलेली अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची गोळी आठवा. ती रिडक्टेजची अ‍ॅक्टिव्ह साइट अडवते. पेशीला काय वाटतं, कोलेस्टेरॉल कमी पडलं, आणखी रिडक्टेज बनवा. कॉम्पॅक्टिन नावाचं पहिलं स्टॅटिन वाढत्या मात्रेत देऊन वाढवलेल्या हॅम्स्टरच्या पेशींमध्ये रिडक्टेज इतकं झालं की ते ठेवायला एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या नळ्यांचे स्फटिकासारखे गठ्ठे तयार झाले. मग गोळी चालते कशी? तर एसआरईबीपी-२ त्याच वेळी एलडीएल रिसेप्टरचा जीनही चढवतं, यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. खरा फायदा त्या दुसऱ्या जीनचा. पण तेच एसआरईबीपी-२ पीसीएसके९ पण वाढवतं, जे रिसेप्टर मोडायला पाठवतं, आणि डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्क्यांच्या आसपास उतरतं यामागं याचा मोठा हात आहे. एक एन्झाइम अडवायला गेलं की पेशी बाकीच्या पातळ्यांवरून उत्तर देते, औषध बनवणाऱ्यांना हे दरवेळी नव्यानं भोगावं लागतं.

वेळेचा फरक डॉक्टरांना रोज दिसतो तो औषधांच्या भांडणात. यकृतातलं सीवायपी३ए४ कितीतरी औषधं तोडतं. इट्राकोनॅझोल घेतलं की ते एन्झाइमला चिकटून अडवतं, दुसऱ्या औषधाची रक्तातली पातळी पहिल्या दिवसापासूनच चढू लागते. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू केलं तर उलटं होतं, ते पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरला धरून सीवायपी३ए४ चा जीन चालू करतं, एन्झाइम हळूहळू वाढत जातं, पूर्ण परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे, आणि रिफाम्पिसिन बंद केल्यावर उतरायलाही तेवढेच. म्हणून टीबीच्या औषधांवर असलेल्या बाईला गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका असं सांगतात, आणि कोर्स संपल्यावरही काही आठवडे थांबायला लावतात. गंमत म्हणजे हेच रिफाम्पिसिन टीबीच्या जंतूच्या आरएनए पॉलिमरेजमध्ये अडकून तिथली जीन-लिखाई बंद पाडतं. एकच रेणू, जंतूत जीन बंद आणि आपल्या यकृतात जीन चालू.

आणि त्यामुळंच रिफाम्पिसिन तुमच्या प्रॅक्टिकललाही उपयोगी पडतं. अ‍ॅक्टिव्हिटी वाढली ती कुठल्या पातळीवर, हे शोधायचं असेल तर मी पुढच्या बॅचला असं करायला सांगेन. कल्चरचे चार भाग करा. एकात नुसतं आयपीटीजी, एकात काहीच नाही, एकात आधी क्लोरॅम्फेनिकॉल मग आयपीटीजी, एकात आधी रिफाम्पिसिन मग आयपीटीजी. क्लोरॅम्फेनिकॉल रायबोसोम थांबवतं, रिफाम्पिसिन आरएनए लिहिणं सुरूच होऊ देत नाही. दोन्हींमध्ये पिवळा रंग चढला नाही म्हणजे नवीन आरएनए आणि नवीन प्रोटीन लागत होतं, विषय संपला. आयपीटीजीनंतर दोन-तीन मिनिटांनी रिफाम्पिसिन घातलंत तर आणखी छान दिसतं, आधीच लिहून झालेल्या एमआरएनएवर थोडा वेळ एन्झाइम बनत राहतं आणि मग रेघ सपाट होते, एमआरएनएचं आयुष्य डोळ्यांसमोर मोजता येतं. दुसऱ्या एखाद्या एन्झाइमचा चढ-उतार क्लोरॅम्फेनिकॉल असतानाही तसाच दिसत असेल तर तो असलेल्या प्रोटीनवरचा कंट्रोल, मग पेशींचा अर्क काढून डीसॉल्टिंग कॉलममधून (जो छोटे रेणू वेगळे काढतो) घाला. परिणाम धुऊन गेला तर चिकटलेला छोटा रेणू होता. नाही गेला तर फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) टाकून बघा, पण मग अर्क काढतानाच एका भागात सोडियम फ्लोराइड घालून ठेवा, नाहीतर पेशीतले फॉस्फेटेज तुमच्या आधीच फॉस्फेट काढून मोकळे होतात आणि तुम्ही बघत बसता की फरक का नाही. प्राण्यांच्या पेशी असतील तर क्लोरॅम्फेनिकॉलच्या जागी सायक्लोहेक्सिमाइड आणि रिफाम्पिसिनच्या जागी अ‍ॅक्टिनोमायसिन डी, आणि वेळ मिनिटांऐवजी तासांत धरा.

शिवाय तेच सॅम्पल एसडीएस-पेज जेलवर (जिथं प्रोटीन्स आकारमानानुसार वेगळी होतात) चालवा. बीटा-गॅलॅक्टोसिडेजची साखळी ११६ किलोडाल्टनची, मार्करच्या बाटलीतही बऱ्याचदा तीच वापरलेली असते, त्यामुळं पट्टा कुठं शोधायचा हे वेगळं सांगायला नको. पट्टा जाड होत गेला आणि रंगही त्याच प्रमाणात वाढला तर पट्ट्याच्या जाडीनं रंगाला भागा, भागाकार सगळ्या सॅम्पलला जवळपास सारखा येईल. वहीत "एन्झाइम अ‍ॅक्टिव्हिटी वाढली" याच्याऐवजी तो भागाकार लिहा, व्हायवाला पुढचा प्रश्न कुणी विचारणार नाही. विचारलाच तर तो अ‍ॅलोलॅक्टोजवर असेल, तेवढं वाचून जा.